विश्लेषण : फसवा ईमेल, बनावट ॲप, ‘साहेबां’चा फोन... ऑनलाइन सापळ्यातून वाचायचे कसे?

पीएम किसानचा हप्ता, थकलेले वीजबिल, वाहनाचा दंड, ‘लाडकी बहीण’ची ई-केवायसी... सातारा आणि सांगली जिल्ह्यांत घरोघरी ज्या गोष्टींची वाट पाहिली जाते किंवा धास्ती असते, त्याच गोष्टींच्या नावाने मोबाइलवर सापळे येत आहेत. मोडक्यातोडक्या इंग्रजीतला ईमेल ओळखणे एके काळी सोपे होते. आता निरोप चांगल्या मराठीत असतो आणि कधी कधी तो ओळखीच्या माणसाच्या क्रमांकावरूनच येतो. अशा वेळी निरोप खरा की खोटा हे निरखत बसण्यापेक्षा एक साधी सवय अधिक उपयोगी पडते. ती सवय कोणती, पैसे गेलेच तर पहिल्या तासात काय करायचे आणि बँकेची जबाबदारी किती, याचा हा आढावा.

आकडे काय सांगतात?

केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२३ मध्ये सायबर फसवणुकीत देशभरातील नागरिकांचे ७,४६५ कोटी रुपये गेले. २०२४ मध्ये हाच आकडा २२,८४५ कोटींवर पोहोचला. म्हणजे एका वर्षात तिपटीहून अधिक वाढ झाली. याच काळात तक्रारी सुमारे १६ लाखांवरून २२ लाख ६८ हजारांवर गेल्या. तक्रारींपेक्षा रक्कम कितीतरी वेगाने वाढली, याचा अर्थ भामटे आता किरकोळ रकमेवर थांबत नाहीत. शिवाय हे आकडे नोंदवलेल्या तक्रारींचे आहेत. ‘लोक काय म्हणतील’ या संकोचाने गप्प बसणारे त्यात धरलेले नाहीत.

सातारा-सांगलीसारख्या जिल्ह्यांत या आकड्यांना वेगळा अर्थ आहे. येथे खात्यात पैसे वर्षातून मोजक्या वेळा, पण एकदम मोठे येतात. कुणाचे ऊसबिल, कुणाच्या हळदीचे किंवा बेदाण्याचे पैसे, कुणा माजी सैनिकाची किंवा शिक्षकाची निवृत्तीची पुंजी. मुले सैन्यात, मुंबई-पुण्यात किंवा गलाईच्या धंद्यासाठी परराज्यात असतात. घरी वडीलधारी मंडळी आणि त्यांच्या हातात स्मार्टफोन. बँकेची, सरकारची सगळी कामे त्याच फोनवर आली आहेत आणि भामटेही त्याच वाटेने घरात शिरतात.

‘फिशिंग’ म्हणजे नेमके काय?

गळाला आमिष लावून मासा धरायचा, तसा हा प्रकार. बँक, सरकारी खाते किंवा एखादी कंपनी असल्याचे भासवून ईमेल किंवा संदेश पाठवायचा आणि माणसाकडूनच त्याचा पासवर्ड, कार्डाचा तपशील, ओटीपी किंवा यूपीआय पिन काढून घ्यायचा. यात बँकेची तिजोरी फोडावी लागत नाही, कारण खातेदार स्वतःच किल्ली हातात देतो.

सुरुवातीला हे ईमेलवर चाले. मग ‘तुमचे खाते बंद होईल’ असे एसएमएस आले. त्यानंतर ‘बँकेतून बोलतोय’ म्हणणारे फोन आले. आता व्हॉट्सॲपवर लिंकऐवजी थेट ॲपची फाइल येते. साधन बदलले तरी रचना तीच आहे. आधी भीती किंवा लोभ दाखवायचा, मग घाई करायची आणि शेवटी एखादे बटण दाबायला लावायचे.

या भागात आमिष कशाचे असते?

जे खरोखर चालू असते त्याचे. पीएम किसान योजनेचा २० वा हप्ता २ ऑगस्ट २०२५ रोजी आणि २१ वा १९ नोव्हेंबर २०२५ रोजी जमा झाला. या योजनेला ई-केवायसी लागते, हे शेतकऱ्याला ठाऊक असते. त्यामुळे ‘पीएम किसान’ नावाची ॲपची फाइल गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडली, तर ती उघडावीशी वाटते. ‘लाडकी बहीण’ योजनेसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा बनावट संकेतस्थळेही दिसू लागली. या योजनेचे अधिकृत संकेतस्थळ ‘महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन’ याच पत्त्याने संपते.

वीजबिलाचा सापळा जुना आहे, तरी अजून चालतो. ‘आज रात्री साडेनऊ वाजता वीज तोडली जाईल, या मोबाइल क्रमांकावर अधिकाऱ्याशी संपर्क साधा’ असा त्याचा मजकूर असतो. महावितरण कोणाच्याही वैयक्तिक मोबाइल क्रमांकावरून असे संदेश पाठवत नाही, हे कंपनीने अनेकदा जाहीर केले आहे. वाहनाच्या ई-चलनाच्या नावाने येणारी फाइल आणि लग्नसराईत ‘लग्नपत्रिका’ म्हणून येणारी फाइल हे याच प्रकारचे नवे अवतार.

ओळखपत्राचा तपशील एकदा बाहेर गेला की त्याचे काय होऊ शकते, याचे उदाहरण सातारा जिल्ह्यानेच पाहिले. इतर महिलांचे आधार क्रमांक वापरून ‘लाडकी बहीण’साठी सुमारे ३० अर्ज भरल्याच्या आरोपावरून सप्टेंबर २०२४ मध्ये जिल्ह्यातील एका दाम्पत्यावर कारवाई झाली. खारघरच्या एका महिलेचा स्वतःचा अर्ज स्वीकारला जाईना, तेव्हा हा प्रकार उघडकीला आला. तिच्या खात्यातून काही चोरीला गेले नव्हते, पण तिच्या नावावरचा हक्क दुसऱ्याने वापरला होता. आधार कार्डाचा फोटो ग्रुपवर टाकताना किंवा अनोळखी माणसाला पाठवताना हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

‘एपीके’ फाइल उघडल्यावर काय होते?

‘एपीके’ ही अँड्रॉइड फोनवर ॲप बसवण्याची फाइल. ती प्ले स्टोअरच्या बाहेरून येते, म्हणून फोन आधी ‘अज्ञात स्रोत’ असा इशारा देतो. तो डावलून ॲप बसवले की ते एसएमएस वाचण्याची, सूचना पाहण्याची आणि कधी कधी पडदा हाताळण्याची परवानगी मागते. ‘ॲलाव, ॲलाव’ करत परवानग्या दिल्या गेल्या की फोनवर येणारा प्रत्येक ओटीपी भामट्याकडेही पोहोचतो. ॲपचे चिन्ह अनेकदा पडद्यावरून गायब होते, त्यामुळे काही घडले आहे हेच कळत नाही. पुढे हेच ॲप फोनमधल्या सर्व क्रमांकांना आणि ग्रुपना तीच फाइल पाठवते. म्हणूनच ती मेहुण्याकडून, सरपंचांकडून किंवा सोसायटीच्या सचिवांकडून आल्यासारखी दिसते. बहुतेक वेळा त्यांनाही पत्ता नसतो.

फाइल फोनमध्ये नुसती उतरली म्हणून पैसे जात नाहीत. ती बसवली आणि परवानग्या दिल्या की धोका सुरू होतो. चुकून तसे झालेच, तर सर्वप्रथम फोन ‘विमान मोड’वर टाकावा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून नेट बँकिंग, यूपीआय आणि कार्ड थांबवावे, पासवर्डही दुसऱ्याच फोनवरून बदलावेत. त्यानंतर फोटो वगैरे जपून ठेवून फोन ‘फॅक्टरी रीसेट’ करून घ्यावा आणि ओळखीच्यांना ‘माझ्याकडून आलेली फाइल उघडू नका’ असे फोन करून सांगावे.

अशीच एक युक्ती कॉल वळवण्याची. ‘पार्सल आले आहे, हा क्रमांक डायल करा’ म्हणून सांगितला जाणारा कॉल वळवण्याचा कोड असलेला क्रमांक डायल केला की फोनवर येणारे कॉल भामट्याच्या क्रमांकावर वळतात. शंका आली तर ‘##००२#’ डायल करून सर्व प्रकारचे कॉल वळवणे रद्द करता येते.

लोक फसतात कसे? ही केवळ अडाणीपणाची गोष्ट आहे का?

तसे म्हणणे सोपे आहे, पण खरे नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये पुण्यातील सीरम इन्स्टिट्यूटसारख्या कंपनीकडून एक कोटी रुपयांहून अधिक रक्कम भामट्यांनी काढून घेतली. कंपनीचे प्रमुख अदर पूनावाला यांच्या नावाने व्हॉट्सॲपवर आलेला निरोप अधिकाऱ्यांना खरा वाटला आणि त्यात दिलेल्या खात्यांवर पैसे गेले. शिकल्यासवरल्या, हिशेबात मुरलेल्या माणसांचीही ‘साहेबांनी सांगितले, लगेच करा’ म्हटल्यावर अशी गल्लत होते.

खरे कारण आणखी खोल आहे. भामटे जे करायला सांगतात, तेच खऱ्या संस्थाही रोज करायला सांगतात. सरकार म्हणते, अमुक तारखेच्या आत ई-केवायसी करा, नाही तर हप्ता बंद. बँक लिंक पाठवते. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ असा सल्ला सगळे देतात, पण गॅस सिलिंडर आणणारा दारात ओटीपी विचारतो, कुरिअरवाला विचारतो, ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या केंद्रातही ‘काका, ओटीपी आलाय का बघा’ असे म्हटले जाते. रोज पाच वेळा जे करावे लागते, ते सहाव्या वेळी करू नये हे माणसाला कसे कळावे?

म्हणून ‘ओटीपी देऊ नका’ यापेक्षा ‘ओटीपीचा संदेश पूर्ण वाचा’ हा सल्ला अधिक नेमका. तो ओटीपी कशासाठी आहे, हे बहुतेक वेळा त्या संदेशातच लिहिलेले असते. सिलिंडर मिळाल्याची खूण म्हणून आलेला आकडा दारात उभ्या असलेल्या माणसाला सांगायचाच असतो. पैसे पाठवण्यासाठी, नवे उपकरण जोडण्यासाठी किंवा पासवर्ड बदलण्यासाठी आलेला आकडा बँकेच्या व्यवस्थापकालाही सांगायचा नसतो. यूपीआयबाबत तर नियम अगदी सोपा आहे. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. ‘पैसे जमा करतो, पिन टाका’ असे कुणी म्हणाले की तो पैसे काढतो आहे, हे नक्की.

ईमेलचा धोका आता कुणाला?

व्यापारी, निर्यातदार, कारखानदार आणि संस्थांना. तासगावचा द्राक्ष-बेदाणा, सांगलीची हळद, कुपवाड-मिरज आणि सातारा-कराड परिसरातील कारखान्यांचे सुटे भाग यांचे परगावचे, परदेशचे व्यवहार ईमेलवर चालतात. भामटा त्या पत्रव्यवहारात शिरतो, नेमक्या वेळी पुरवठादाराच्या नावाने लिहितो, ‘आमचे बँक खाते बदलले आहे, पुढील रक्कम नव्या खात्यावर पाठवा.’ पत्त्यात एखादेच अक्षर वेगळे असते. मोबाइलवर तर पूर्ण पत्ता दिसतही नाही, नुसते नाव दिसते. त्या नावावर बोट ठेवून पूर्ण पत्ता पाहिल्याशिवाय फरक कळत नाही. खाते बदलल्याचा ईमेल आला की आपल्याकडे आधीपासून असलेल्या जुन्या क्रमांकावर फोन करून खात्री करायची, नव्या ईमेलमध्ये दिलेल्या क्रमांकावर नव्हे, एवढा एक नियम पेढीतल्या प्रत्येकाने पाळला तर मोठे नुकसान टळते.

एका ईमेलने किती दूरवर आग लागते, याचे जगातले गाजलेले उदाहरण बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचे आहे. नोकरीसाठी अर्ज करणाऱ्या उमेदवाराच्या नावाने कर्मचाऱ्यांना ईमेल गेले, त्यातून घुसखोरी झाली आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये ८ कोटी १० लाख डॉलर लंपास झाले.

महाराष्ट्रातील सहकारी बँकांसाठी धडा पुण्यातील कॉसमॉस बँकेचा. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या या बँकेच्या यंत्रणेत घातक सॉफ्टवेअर घुसवून ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी सुमारे ९४ कोटी रुपये काढण्यात आले. बनावट कार्डांनी २८ देशांतील एटीएममधून पैसे निघाले. १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील खात्यात गेले. भारतात जे पैसे काढले गेले, त्यांतील सुमारे ८९ लाख रुपये सांगलीला लागून असलेल्या कोल्हापुरातील एटीएममधून गेले होते. एप्रिल २०२३ मध्ये पुण्यातील न्यायालयाने या प्रकरणात ११ जणांना दोषी ठरवले. हल्ल्याचे सूत्रधार परदेशात होते, पण एटीएमसमोर उभे राहून नोटा मोजणारे हात इथलेच होते.

‘डिजिटल अरेस्ट’ हा कायदा आहे का?

नाही. भारतीय कायद्यात असा कोणताही प्रकार नाही. व्हिडिओ कॉलवर गणवेशातला माणूस दिसतो, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत असते. ‘तुमच्या आधारवर घेतलेले सिम गुन्ह्यात सापडले’, ‘तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ आहेत’ असे सांगून तासन्‌तास कॉल बंद करू दिला जात नाही. कुणाशी बोलायचे नाही, अशी ताकीद दिली जाते. मग ‘तपासासाठी’ मुदत ठेवी मोडून पैसे एका खात्यात भरायला लावतात.

पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये या प्रकाराविषयी सावध केले होते. हरियाणातील अंबाला येथील वृद्ध दाम्पत्याला न्यायालयाचे बनावट आदेश दाखवून एक कोटीहून अधिक रुपयांना लुबाडण्यात आले. त्याची सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये स्वतःहून दखल घेतली आणि डिसेंबरमध्ये अशा प्रकरणांचा तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला. कोणतीही तपास यंत्रणा व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि सुटकेसाठी पैसे भरायला सांगत नाही. असा कॉल आला की तो बंद करून जवळच्या पोलीस ठाण्यात जावे, किंवा निदान घरातल्या एका माणसाला सांगावे. भामट्याची सारी मदार माणूस एकटा असण्यावर असते.

खऱ्या-खोट्याच्या खुणा किती उपयोगी?

काही खुणा आता सरकारनेच ठरवून दिल्या आहेत. रिझर्व्ह बँकेने सर्व बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळे ‘डॉट बँक डॉट इन’ या पत्त्यावर नेण्यास सांगितले. हा पत्ता बँकांखेरीज कोणालाही मिळत नाही. मात्र तो शेवटी असायला हवा. बँकेचे नाव आणि ‘बँक इन’ हे शब्द मध्येच कुठे तरी असून पत्ता भलत्याच शब्दाने संपत असेल, तर तो बनावट. पत्त्यातील पहिल्या तिरप्या रेघेच्या आधीचा भाग उजवीकडून वाचत यावा. कुलपाचे चिन्ह दिसले म्हणजे संकेतस्थळ प्रामाणिक, असेही नाही. माहिती वाटेत कुणी वाचू शकत नाही, एवढाच त्याचा अर्थ. ती पोहोचते ते ठिकाण भामट्याचेही असू शकते.

व्यावसायिक एसएमएस पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटी २०२५ पासून एक अक्षर येते. ‘एस’ म्हणजे सेवा, ‘टी’ म्हणजे व्यवहार, ‘जी’ म्हणजे सरकारी आणि ‘पी’ म्हणजे जाहिरात. दहा आकडी मोबाइल क्रमांकावरून ‘बँके’चा संदेश आला, तर तो तिथेच बाद करावा. बँकांच्या सेवेसाठीच्या कॉलना १६०० ने सुरू होणारे क्रमांक देण्याचे काम टप्प्याटप्प्याने सुरू आहे.

या खुणांना मर्यादा आहेत. पतसंस्था या दोन्ही जिल्ह्यांच्या अर्थव्यवहाराचा मोठा भाग आहेत, पण त्या कायद्याने बँका नाहीत. त्यांना ‘डॉट बँक डॉट इन’ पत्ता मिळत नाही आणि तेथील ठेवींना बँक ठेवींप्रमाणे पाच लाख रुपयांचे विमा संरक्षणही नाही. शिवाय खुणा पाठ करणारा ग्राहक आणि खुणा चुकवणारा भामटा यांच्या शर्यतीत भामट्याला हे रोजचेच काम असते.

मग एकच नियम कोणता?

निरोप ज्या वाटेने आला, त्या वाटेने उत्तर द्यायचे नाही. काम खरे असेल तर आपल्या माहितीच्या वाटेने जायचे.

वीजबिल थकल्याचा संदेश आला, तर लिंक न दाबता महावितरणच्या ॲपमध्ये बिल पाहावे किंवा १९१२ वर विचारावे. चलन आले असे कळले, तर परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः जाऊन वाहन क्रमांक टाकावा. हप्त्याची शंका असेल, तर गावच्या कृषी सहायकाला विचारावे. बँकेतून फोन आला, तर ‘शाखेत येतो’ म्हणून ठेवून द्यावा आणि पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करावा. ‘कस्टमर केअर’चा क्रमांक इंटरनेटवर शोधून लावणे हीही धोक्याची वाट आहे, कारण तिथे भामट्यांनी आपले क्रमांक पेरून ठेवलेले असतात.

या नियमाचा फायदा असा, की निरोप खरा की खोटा हे ठरवण्याची गरजच उरत नाही. खरा असेल तर दुसऱ्या वाटेनेही काम होते, खोटा असेल तर तो तिथेच मरतो. जातो तो फक्त दहा मिनिटांचा वेळ, आणि भामट्याला नेमका तोच वेळ द्यायचा नसतो.

पैसे गेलेच तर पहिल्या तासात काय?

१९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तातडीने फोन करावा, किंवा ‘सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन’ या पोर्टलवर तक्रार करावी. त्याच वेळी बँकेलाही कळवून तक्रार क्रमांक घ्यावा. चोरलेले पैसे एका खात्यात थांबत नाहीत. ते काही मिनिटांत पाच-दहा खात्यांत फुटतात आणि मग एटीएममधून किंवा आभासी चलनात निघून जातात. १९३० ची यंत्रणा बँकांना जोडलेली असल्याने वाटेतल्या खात्यांत सापडलेली रक्कम गोठवता येते. २०२१ मध्ये ही व्यवस्था सुरू झाल्यापासून २०२५ च्या मध्यापर्यंत सुमारे ५,४८९ कोटी रुपये वाचल्याचे सरकारने संसदेत सांगितले. एकट्या २०२४ मधील नुकसानीशी ताडून पाहिले, तर उशिराने किती पैसे हातचे जातात ते लक्षात येते.

व्यवहाराचा क्रमांक, वेळ, रक्कम, समोरचा मोबाइल क्रमांक आणि संदेशाचे स्क्रीनशॉट जवळ ठेवावेत, रागाने संभाषण पुसून टाकू नये. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्हा पोलीस दलांची सायबर पोलीस ठाणी आहेत. जवळच्या पोलीस ठाण्यातही तक्रार देता येते. गोठवलेली रक्कम परत मिळवण्यासाठी पोलिसांचा अहवाल आणि अनेकदा न्यायालयाचा आदेश लागतो, म्हणून पाठपुरावा सोडू नये. ‘गेलेले पैसे मिळवून देतो, आधी फी भरा’ असे सांगणारा दुसरा भामटा या काळात हमखास भेटतो, त्याच्यापासूनही सावध राहावे.

बँकेची जबाबदारी किती?

लोक समजतात त्यापेक्षा जास्त. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ रोजी व्यापारी बँकांसाठी आणि १४ डिसेंबर २०१७ रोजी सहकारी बँकांसाठी यासंबंधी नियम केले. त्यानुसार चूक बँकेची असेल तर ग्राहकावर शून्य जबाबदारी. चूक बँकेचीही नाही आणि ग्राहकाचीही नाही, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकाचे काही जात नाही. चार ते सात दिवसांत कळवल्यास त्याचे नुकसान ठरावीक मर्यादेपर्यंतच, साध्या बचत खात्यासाठी १० हजार रुपयांपर्यंत. ग्राहकाने स्वतः ओटीपी वा पिन दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळवल्यानंतरचे बँकेचे. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे.

न्यायालयांनी हे नियम कागदावर राहू दिलेले नाहीत. ओटीपी न येताच खात्याला नवे लाभार्थी जोडून पैसे वळवल्याच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने जून २०२४ मध्ये बँक ऑफ बडोदाला ७६ लाख ९० हजार रुपये परत करण्याचा आदेश दिला. त्याआधी बँकिंग लोकपालांनी ती तक्रार फेटाळली होती. गुवाहाटीच्या प्रकरणात बनावट ‘कस्टमर केअर’च्या सांगण्यावरून ॲप घेतलेल्या ग्राहकाचे ९४,२०४ रुपये गेले होते. त्याने २४ तासांत बँकेला कळवले होते. ही रक्कम स्टेट बँकेने द्यावी, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये कायम ठेवला. म्हणून ‘तुम्हीच चूक केली’ असे शाखेत तोंडी ऐकवले गेले, तरी लेखी तक्रार द्यावी आणि तिची पोहोच घ्यावी. ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते.

खाते ‘भाड्याने’ देणाऱ्यांचे काय?

चोरीचे पैसे फिरवायला खाती लागतात आणि ती बहुधा खऱ्या माणसांची असतात. कॉलेजमधल्या मुलांना, कामाच्या शोधात असलेल्या तरुणांना ‘खाते, एटीएम कार्ड आणि सिम दे, महिन्याला काही हजार घे’ असे सांगितले जाते. पैसा त्या खात्यातून गेला की पोलीस आधी त्याच्याच दारात येतात. ‘मला माहीत नव्हते’ एवढ्याने सुटका होत नाही. खाते गोठते आणि फसवणुकीच्या गुन्ह्यात नाव लागते. कोल्हापूरच्या एटीएमसमोर जे घडले, त्याचेच हे आजचे रूप आहे.

फसवणुकीनंतर पहिला तास बहुधा घरच्यांपासून लपवण्यात जातो. वडिलांना मुलाच्या रागाची धास्ती, सुनेला सासूच्या बोलण्याची, कारकुनाला मालकाची. तोच तास पैसे गोठवण्याचा असतो. त्यामुळे आज घरात दोन गोष्टी ठरवून ठेवाव्यात. पैशांचा कोणताही घाईचा निरोप आला की आधी घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारायचे. आणि कुणाकडून चूक झालीच, तर बोल लावायच्या आधी १९३० फिरवायचा.